बिनआवाजाचा कंप्युटर

हैदराबादच्या दवाखान्यातून निघाल्यापासून अण्णा एक शब्द बोलला नव्हता. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. भाड्याच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी तो, मागे वैनी आणि मी. डॉक्टरांनी सकाळी आम्हा तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. नसांचा आजार आहे, मोटर न्यूरॉनचा. उजव्या हातापासून सुरू झालाय. पुढे डावा हात, पाय, जीभ, गिळणं, आणि शेवटी श्वास. गोळ्या आहेत, पण त्या आजार थांबवत नाहीत, थोडा वेळ वाढवून देतात. अण्णानं एकच प्रश्न विचारला, "आन् डोकं?" डॉक्टर म्हणाले, डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. वैनीला त्यातल्या त्यात ही बातमी बरी वाटली, तिनं हात जोडले. अण्णा तिच्याकडे बघत राहिला.

देगलूरला चहासाठी थांबलो. अण्णानं ग्लास डाव्या हातात घेतला. उजव्या हातानं ग्लास धरणं त्यानं महिन्याभरापासून सोडलं होतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दोन घोट घेऊन तो म्हणाला, "बारक्या, मला टीव्हीला लावायला एक कंप्युटर करून दे."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकलो.

"माझ्या सगळ्या डिस्का त्याच्यात टाक. पेनड्राइव्ह लावला तर टीव्ही म्हणून राह्यलाय, ही फाईल चालत न्हाई. जुन्या फायली हाईत ना. कंप्युटरवर सगळं चालतं. रिमोटवर चाललं पायजे. आन् आवाज नको त्याचा. बिल्कुल आवाज नको."

"करू की," मी म्हणालो. त्या घडीला त्यानं काहीही मागितलं असतं तरी मी करू म्हणालो असतो. त्यानं जमण्यासारखं काही मागितलं, म्हणून मला हायसं वाटलं, हे आज लिहिताना मला लाज वाटते.

अण्णाचा जळकोटला केबलचा धंदा होता. गच्चीवर भली मोठी छत्री, खाली एका खोलीत यंत्रं, आणि तिथून निघालेली वायर कडुलिंबांवरून, विजेच्या खांबांवरून गावभर गेलेली. वायर तुटली की तो स्वतः शिडी घेऊन निघायचा. पण गावात त्याचं नाव झालं ते त्याच्या लोकल चॅनेलमुळं. त्यानं एक कॅमेरा घेतला होता. शाळेची गॅदरिंग, गणपतीची मिरवणूक, बैलबाजार, सरपंचाचा सत्कार, कुस्त्या, जे होईल ते तो टेपवर घ्यायचा आणि संध्याकाळी केबलवर दाखवायचा. बायका त्याला रस्त्यात अडवायच्या, "आमच्या पोरीचा नाच अजून एकदा लाव की रे." तो लावायचा.

मग घरोघरी छोट्या छत्र्या आल्या, मग मोबाईल आले, आणि केबल बंद पडली. बंद करण्याआधी त्यानं एक शहाणपण केलं. दोन पोती कॅसेटी होत्या, त्या पावसाळ्यात बुरशी धरायला लागल्या होत्या. तो महिनाभर खोलीत बसला आणि जेवढ्या वाचल्या तेवढ्या कंप्युटरवर उतरवून हार्ड डिस्कांमध्ये भरून ठेवल्या. अशा सात डिस्का होत्या. पोरगी दहावी झाल्यावर तिच्या ट्यूशनसाठी तो, वैनी आणि पोरगी लातूरला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायला गेले, तेव्हा भांडीकुंडी नंतर आली, त्या सात डिस्का तो मांडीवर घेऊन गेला.

मी नांदेडला एका कॉलेजात कंप्युटरच्या प्रयोगशाळेत काम करतो. त्यामुळं घरात असं धरून चालतात की मला यातलं सगळं कळतं. कळतं थोडंफार. पण माझी एक खोड आहे. मला काही निवडता येत नाही. साधा मिक्सर घ्यायचा तर मी आठ दुकानं फिरतो आणि रिकाम्या हातानं घरी येतो. अण्णा नेमका उलटा. स्वतःच्या लग्नाची शेरवानी त्यानं दुकानाच्या दारातून बोट दाखवून घेतली होती.

नांदेडला परतल्यावर मी दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. मोठा कागद घेऊन तक्ता आखला. एका बाजूला तयार मिळणारा छोटा कंप्युटर, तळहाताएवढा. स्वस्त, सोपा, टीव्हीच्या मागे चिकटवला की झालं. पण त्याच्या आत एक इवलासा पंखा असतो आणि तो जोरात फिरला की डासासारखा गुणगुणतो. दुसऱ्या बाजूला स्वतः जोडायचा कंप्युटर. त्याला बिनपंख्याचं कॅबिनेट मिळतं, जाड ॲल्युमिनियमचं, बाहेरून पन्हळीसारखे पट्टे असलेलं. प्रोसेसरची गरमी त्या धातूत उतरते आणि हवेत निघून जाते. आवाज शून्य. फिरणारी हार्ड डिस्क ठेवली तर ती घरघर करते, म्हणून सगळं एसएसडीवर, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कवर घ्यायचं. वीजपुरवठ्याच्या डब्यातही पंखा असतो, म्हणून लॅपटॉपसारखा बाहेरचा ॲडाप्टर. मग एवढा प्रोसेसर बिनपंख्यानं थंड राहील का? की त्याहून हलका घ्यावा? हलका घेतला तर पुढे काही अडेल का? लाईट जाऊन आली की मशीन आपोआप सुरू व्हायला हवं, ती सोय कुठल्या मदरबोर्डमध्ये आहे?

मी वाचत बसायचो. कॉलेजात, घरी, जेवताना. लोकांनी टाकलेले व्हिडिओ, कुणाचं मशीन किती तापलं, कुणाला काय नडलं. बायको म्हणाली, "त्यांच्या आजाराबद्दल पण काही वाचलं का?" मी म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलंय ना." मी एक ओळही वाचली नव्हती.

एका आड एक रविवारी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जायचो. बसमध्ये तक्ता मांडीवर. अण्णाच्या समोरच्या खोलीत त्याची खाट, टीव्ही आणि कोपऱ्यात पोरीचं टेबल. तिची बारावी आणि त्यानंतर मेडिकलची परीक्षा. ती कानात कापूस घालून अभ्यास करायची. मी वाटेनं मनाशी ठरवायचो, आज अण्णाशी आजाराबद्दल बोलायचं. पोचलो की तक्ता उघडायचो.

"हे बघ, या कॅबिनेटमध्ये गरमी निघायला जागा जास्त हाय, पण ते येतंय बाहेरून, दीड महिना लागतो."

"बरं."

"आन् हे इथं मिळतं, पण याच्यात फक्त हाच एक बोर्ड बसतो."

"बरं. तू बघ."

त्याचा उजवा हात तेव्हा मांडीवर पालथा पडलेला असायचा. अंगठ्याच्या मुळाशी मांस उतरून खळगा पडला होता. मी कागदाकडे बघायचो.

जानेवारीत नांदेडातच, वजिराबादच्या एका दुकानात मला तो तयार छोटा कंप्युटर दिसला. दुकानदारानं चालू करून दाखवला. मी कान लावला. पंखा होता, पण आवाज फार नव्हता. मी दुकानातूनच अण्णाला व्हिडिओ कॉल लावला. वैनीनं फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

"हा हाय बघ अण्णा. जरासा आवाज येतो. तुझ्या फायली चालतील."

"घे की मग."

"पण दोन महिन्यात याच्या पुढचा येणार हाय. तो कमी तापतो म्हणे, म्हंजे पंखा कमी फिरतो. आन् बिनपंख्याचं घेतलं तर हा आवाजही न्हाई."

त्यानं डोळे वर करून वैनीकडे बघितलं. मग म्हणाला, "दोन महिने." तेवढंच. शब्द स्वच्छ होते, तेव्हा त्याची जीभ अजून चांगली होती. मला वाटलं, तो मुदत विचारतोय. मी म्हणालो, "हाव, दोनच." मग वैनीनं फोन स्वतःकडे वळवून म्हटलं, "भावजी, तुम्हाला बरं वाटेल ते करा." मी दुकानदाराला येतो म्हणालो आणि निघालो.

दोन महिन्यांचे तीन झाले. कॅबिनेट आलं ते चुकीचं आलं, परत पाठवलं. मदरबोर्ड आला तर त्यात लाईट आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय सापडेना. या सगळ्यात मी चिडायचो, फोनवर भांडायचो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. तिथं भांडून काही सुटत होतं. दरम्यान अण्णाचा डावा हात गेला. मार्चमध्ये त्याच्या जिभेला जडपणा आला. फोनवर त्याचं बोलणं वैनी मला उलगडून सांगायला लागली, नंतर फोनवर तो येईनासाच झाला.

एप्रिलच्या एका रविवारी सगळे सुटे भाग खोक्यात घालून मी लातूरला गेलो. जोडणी त्याच्यासमोर करायची असं ठरवलं होतं. त्याला तेवढंच आवडेल म्हणून. वैनीनं त्याला उशा लावून बसवलं. मी जमिनीवर चादर अंथरली, बोर्ड ठेवला, प्रोसेसर बसवला, त्यावर गरमी वाहून नेणारी पेस्ट लावली. त्याची नजर माझ्या बोटांवर होती. मधेच त्यानं काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही. पुन्हा म्हटलं. पोरगी टेबलावरून न वळता म्हणाली, "पप्पा म्हणतेत, पेस्ट जास्त झाली." खरंच जास्त झाली होती. पुसून पुन्हा लावली.

शेवटचा स्क्रू राहिला तेव्हा त्यानं हनुवटीनं खूण केली. त्याला तो लावायचा होता. ज्यानं शिडीवर उभं राहून एका हातानं वायर धरून दुसऱ्या हातानं हजारो स्क्रू आवळले होते. मी कॅबिनेट त्याच्या मांडीवर ठेवलं, स्क्रूड्रायव्हर त्याच्या बोटांत दिला आणि वरून माझा हात ठेवला. त्याची बोटं गरम होती आणि त्यांत काहीच नव्हतं. मी फिरवलं. तो फिरवतोय असं आम्ही दोघं धरून चाललो. वैनी उठून आतल्या खोलीत गेली.

कंप्युटर सुरू झाला. काही आवाज नाही. खरोखर काही नाही. मी कान लावला तरी नाही. टीव्हीवर यादी आली: एकेक फाईल, तिच्या नावाच्या जागी नुसते आकडे, जसे त्यानं त्या वेळी ठेवले होते. मी मोठ्या खुशीत रिमोट त्याच्या हातात दिला.

रिमोट बोटांतून घसरून खाटेवर पडला. मी उचलून पुन्हा दिला. त्यानं अंगठा बटणावर नेण्याचा प्रयत्न केला, खांद्यातून जोर लावून. बटण दबलं नाही. रबरी बटणं होती, जरा कडक. पाच महिने मी प्रोसेसर किती तापतो ते बघत होतो. हे बटण कोण दाबणार, हा प्रश्न माझ्या तक्त्यात कुठंच नव्हता.

अण्णा माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो मला सांभाळून घेत होता.

"असू द्या," वैनी दारातून म्हणाली. "मी लावून देत जाते."

पण त्याला ते नको होतं. त्यानं पांघरुणातून डावा पाय बाहेर काढला आणि अंगठा हलवून दाखवला.

नांदेडला आल्यावर मी प्रयोगशाळेतला एक जुना माऊस फोडला, त्याच्या बटणाच्या तारा एका मोठ्या गोल स्विचला सोल्डर करून जोडल्या आणि असा प्रोग्राम लावला की यादीवरून एक पिवळा चौकोन आपोआप खाली सरकत राहील. हवं ते आलं की पायाच्या अंगठ्यानं स्विच दाबायचा. एका दुपारचं काम. कुठलाही तक्ता केला नाही. पुढच्याच दिवशी रजा टाकून लातूरला नेऊन बसवला, आणि तो चालला.

त्यानंतर साधारण पाच आठवडे अण्णा टीव्ही बघत होता. दिवसभर. मला वाटलं होतं तो घरातलं बघेल, लग्नं, आमचे आई-बाप. तो भलतंच लावायचा. बैलबाजार. पाणीपुरवठ्याच्या टाकीचं उद्घाटन. कुणातरी मास्तरांचा निरोप समारंभ. हललेली, रंग उडालेली चित्रं, मधेच काळ्या रेघा. एकदा मी शेजारी बसून पाऊण तास एका गॅदरिंगची तयारी बघितली. स्टेजवर कुणीच नाही, पोरं खुर्च्या लावतायत. मी कंटाळून म्हणालो, "अण्णा, पुढं ढकलू का?" त्यानं मान हलवली, नको.

तेवढ्यात टीव्हीतून, अगदी बारीक, कॅमेऱ्याच्या मागून आवाज आला: "ए पोरांनो, जरा सरका की. उजेड अडून राह्यला. हां, तसंच. बसा तसंच."

तो अण्णाचा आवाज होता. पंचवीस वर्षांपूर्वीचा, खणखणीत, जरा उद्धट. खाटेवरच्या अण्णानं डोळे मिटले होते आणि तो ऐकत होता. मग मला कळलं. माणसांनी भरलेल्या फायली तो का टाळत होता तेही कळलं. तिथं गोंगाटात त्याचा आवाज बुडायचा. तो रिकाम्या जागा शोधत होता, समारंभाच्या आधीच्या, नंतरच्या, जिथं कॅमेरा धरलेला माणूस एकटाच काहीतरी बोलतो. जीभ जाणार हे त्याला हैदराबादलाच सांगितलं होतं. देगलूरला चहा पिताना, तोंडातले शब्द शाबूत असताना, त्यानं माझ्याकडे हेच मागितलं होतं, आणि कारण सांगायला त्याला लाज वाटली असणार. आवाज नको, बिल्कुल आवाज नको, म्हणाला होता तो.

मी त्याला विचारलं नाही. त्याच्या पायावर हात ठेवून बसलो. पोरगी कोपऱ्यात फिजिक्सची गणितं सोडवत होती. कानात कापूस होता, तिला काही ऐकू गेलं नसावं.

मे महिना आला तसा लातुरात उन्हाचा कहर झाला. त्यात खोलीवर पत्रे. दुपारी दोन वाजले की कंप्युटर एकाएकी बंद पडायला लागला. बिनपंख्याचं कॅबिनेट इतकं तापायचं की हात ठेववत नव्हता. धातूतली गरमी हवेत निघून जाते खरी, पण हवा तेवढी थंड असावी लागते. ज्यांचे व्हिडिओ बघून मी निवड केली ते सगळे थंड खोल्यांत बसलेले लोक होते. मी मराठवाड्यातच जन्मलो, वाढलो, आणि मला मे महिना आठवला नव्हता. शेवटी वैनीनं टेबलफॅन त्या डब्याकडे तोंड करून लावला. फॅन घरघरायचा. ओला टॉवेल डब्याशेजारी ठेवायचा. एवढं करूनही दुपारी दोन-तीन तास बंदच.

जूनमध्ये श्वासाचं मशीन आलं. डॉक्टर म्हणाले, आता ते बहुतेक वेळ लावावं लागेल. तोंडावर मास्क, शेजारी पंप, आणि त्याचा अखंड फुस्स फुस्स आवाज. त्या आवाजाखाली टीव्हीतलं बारीक काही ऐकू येईना. मी टीव्हीचा आवाज वाढवला तर सगळंच वाढलं, टेपची खरखरसुद्धा. हेडफोन लावला तर मास्कचा पट्टा आड आला. वेगळ्या बनावटीचा, कानाच्या मागे हाडावर बसणारा एक मिळतो असं वाचलं, तो मागवला. तो येईपर्यंत डाव्या पायाचा अंगठा थांबला. वैनीनं सांगितलं, सकाळी पिवळा चौकोन यादीवरून नुसता खाली-वर फिरत होता, तो बघत होता, आणि दुपारी त्यानं डोळ्यांनी बंद करायला सांगितलं.

पोरीचा निकाल त्याच आठवड्यात लागला. मेडिकलला लागणार नाही एवढा. तिनं तो वैनीला सांगितला, वैनीनं अण्णाला सांगितला. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. ते खरं होतं. त्याला सगळं कळत होतं.

मी पुन्हा वाचायला लागलो. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं एक उपकरण असतं. टीव्हीखाली लावायचं, माणूस जिथं बघेल तिथं बाण जातो. त्याचेही चार प्रकार. एकाला उजेड चालत नाही, एकाला चष्मा चालत नाही, एक फक्त ठराविक बोर्डवर चालतं आणि माझा बोर्ड तो नव्हता. मी नवा कागद घेऊन तक्ता आखला आणि रविवारी लातूरला गेलो. अण्णाचे डोळे मिटलेले होते. मी वैनीला समजावून सांगू लागलो की हे घेतलं तर मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि ते घेतलं तर खाट थोडी पुढे सरकवावी लागेल.

वैनी भात कालवत होती. पातळ, आता पोटात बसवलेल्या नळीतून जाईल असा. तिनं हात थांबवला.

"भावजी," ती म्हणाली, "आता काही निवडू नका. येऊन बसत जा नुसते."

मी तक्ता घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी संध्याकाळच्या बसपर्यंत बसलो. काय करायचं हे मला माहीत नव्हतं. त्याच्या हाताला तेल लावलं. हाडांवर कातडी राहिली होती. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. मशीन फुस्स फुस्स करत होतं.

त्यानंतर मी दर रविवारी गेलो, पण रविवार फार उरले नव्हते. श्रावणात एका सकाळी तो गेला. वैनी अंघोळीचं पाणी तापवत होती, पोरगी शेजारीच होती.

जळकोटला आमच्या शेतात नेलं. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात, आणि बसवून पुरतात. चार महिने ज्याला उशांशिवाय बसता आलं नव्हतं त्याला मांडी घालून बसवलं, कपाळाला भस्म लावलं, तळहातावर लिंग ठेवलं. जंगम मंत्र म्हणत होते. खड्ड्याच्या काठाला गावातल्या बायका उभ्या होत्या, आता म्हाताऱ्या झालेल्या. एक जण म्हणाली, "माझ्या लेकीचा नाच दाखवला होता त्यानं." तिच्या शेजारणीनं हाव म्हटलं. मग लोक माती लोटू लागले.

महिन्याभरानं वैनी आणि पोरगी लातूरच्या खोल्या सोडून जळकोटला आल्या. पोरीनं ट्यूशन पुन्हा लावायला नकार दिला. ती आता उदगीरला साध्या बीएस्सीला जाते, सकाळच्या बसनं.

मी एकदा भेटायला गेलो तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मला बघून आत चहा सांगून आली आणि शेजारी बसली. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "काका, पप्पांचा आवाज मला आठवून राह्यला न्हाई. बोलणं आठवतंय, आवाज न्हाई."

मी घाईनं म्हणालो, "हाय की. कंप्युटरमध्ये हाय. लई ठिकाणी हाय. मी तुला एकत्र काढून देतो, फोनवर टाकून."

"ते मी ऐकलंय," ती म्हणाली. "कापूस घातला तरी ऐकू यायचं. ते माझ्या जन्माच्या आधीचे पप्पा हाईत. लई जोरात बोलतेत. माझे पप्पा तसं बोलत नव्हते. मला आमच्यावेळचा पायजे."

आमच्यावेळचा नव्हता. पोरगी जन्मली तोवर केबल आणि कॅमेरा दोन्ही बंद झाले होते. वैनीच्या फोनमध्ये अण्णाचे दोन-चार आवाजी निरोप निघाले, त्यात त्याची जीभ आधीच जड झाली होती. ट्यूशनमुळं पोरीकडं साधा बटणांचा फोन होता. आणि माझ्याकडं? दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत दर दुसऱ्या रविवारी मी त्याच्यासमोर बसलो होतो. खिशात चांगला फोन होता. तो स्वच्छ बोलत होता, आणि मी त्याला कॅबिनेटचे पट्टे समजावून सांगत होतो. तो बरं म्हणायचा, तू बघ म्हणायचा. तेवढं जरी फोनवर घेतलं असतं.

हे मी तिला सांगितलं नाही. ती उत्तराची वाट बघत होती, म्हणून म्हणालो, "शोधतो." तिनं मान हलवली. वैनीनं चहा आणला, सोयाबीनला यंदा शेंग कमी लागली असं सांगितलं, आणि आम्ही तिघं चहा पीत बसलो.